मानसिक आधाराच्या सेवा: कोणत्या वेळी कोणाकडे जावे

गेल्या काही वर्षांत मला स्वतःसाठी आणि घरातल्या तिघांसाठी मानसिक आरोग्याच्या निरनिराळ्या सेवांची दारे ठोठवावी लागली. त्यात रात्री-अपरात्री लावलेले हेल्पलाइनचे फोन आहेत, भाच्याने केलेले चॅट आहे, मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत, रुग्णांच्या नातेवाइकांचा एक गट आहे आणि मोबाइलवर घेतलेली व पुढे काढून टाकलेली तीन-चार ॲपही आहेत. एखाद्या दुकानाला द्यावेत तसे या सेवांना तारे देणे मला जमले नाही, कारण ज्या सेवेने भावाच्या आजारपणात माझी घोर निराशा केली, तीच सेवा वर्षभराने मला स्वतःला उपयोगी पडली. सेवा तीच होती, माझी गरज तेवढी बदलली होती. म्हणून या परीक्षणात मी प्रत्येक सेवेला दोन प्रश्न विचारले आहेत: ती कोणत्या गरजेसाठी उभी राहिली आहे, आणि जी गरज तिच्या आवाक्याबाहेरची आहे ती घेऊन आलेल्या माणसाला ती पुढे कुठे आणि कशी पोहोचवते. सेवेचा दर्जा मला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळला.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. समोरच्या माणसाच्या किंवा आपल्या स्वतःच्या जिवाला या क्षणी धोका असेल, तर सेवांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. आपण जिथे आहोत तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि ज्याने इजा होऊ शकते अशा वस्तू त्याच्या हाताशी राहणार नाहीत हे पाहावे. पुढचा सगळा मजकूर त्या क्षणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काळासाठी आहे.

प्रथम हेल्पलाइन. मी केलेला पहिला फोन फसला आणि त्यात दोष कोणाचा होता हे समजायला मला बराच काळ लागला. भाऊ चार रात्री झोपला नव्हता, अखंड बोलत होता, गोळ्या बंद केल्याचे अभिमानाने सांगत होता, आणि मी घाबरून एका भावनिक आधाराच्या क्रमांकावर फोन लावून विचारले की रात्रीची गोळी आता दिली तर चालेल का. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले की औषधांविषयी त्या काही सांगू शकत नाहीत, आणि मग विचारले, “तुम्हाला स्वतःला आत्ता कसं वाटतंय?” मला संताप आला. मला कसे वाटते हे विचारायची ती वेळ आहे का, असे मनात म्हणत मी फोन ठेवून दिला.

पुढे या सेवांचा इतिहास वाचला तेव्हा त्या बाईंचे वागणे समजले. लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने २ नोव्हेंबर १९५३ रोजी समॅरिटन्स या भावनिक आधाराच्या फोनसेवेचे काम सुरू केले. तरुणपणी, १९३५ मध्ये, आत्महत्येने मृत्यू पावलेल्या एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी त्यांनी केला होता. मासिक पाळी म्हणजे काहीतरी लाजिरवाणा आजार, अशी तिची समजूत झाली होती आणि विचारायला कोणी नव्हते. वारा यांची मूळ कल्पना अशी की भेटायला येणाऱ्यांना त्यांनी स्वतः सल्ला द्यावा आणि बाहेर थांबलेल्यांशी स्वयंसेवकांनी चहा देऊन जरा बोलत बसावे. प्रत्यक्षात असे दिसून आले की अनेक जण त्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होत आणि आत जाण्याची त्यांना गरजच उरत नसे. काही महिन्यांतच, १९५४ च्या सुरुवातीला, त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. जगभरातल्या अनेक भावनिक आधाराच्या फोनसेवा याच घडणीच्या आहेत: ऐकणे हेच त्यांचे काम आहे आणि सल्ला न देणे हा त्यांचा नियम आहे. माझ्या भावाला त्या रात्री ऐकणारा माणूस नको होता, डॉक्टर हवा होता. पाटी न वाचता मी वेगळ्याच दारावर गेलो होतो.

तरीही त्या सेवेला मी पूर्ण सूट देणार नाही. “हे वैद्यकीय आहे, यासाठी आत्ता अमुक ठिकाणी फोन करा” एवढे एक वाक्य त्यांनी म्हणायला हवे होते. हेच वाक्य दुसऱ्या एका सेवेतल्या माणसाने उच्चारले आणि त्यापुढचीही पायरी गाठली: “तुम्ही लाइनवरच थांबा, मी तिकडे फोन जोडून देतो, तो लागेपर्यंत मी इथेच आहे.” घाबरलेल्या माणसाच्या हाती नुसता क्रमांक देणे आणि त्याला पुढच्या माणसाच्या हाती सोपवणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याने रात्री तीन वाजता कापऱ्या हाताने दहा आकडे लिहून घेतले असतील त्यालाच कळेल.

वर्षभराने भाऊ सावरला आणि मी कोसळलो. झोप उडाली, कारण नसताना डोळे भरून येऊ लागले. तेव्हा त्याच पहिल्या सेवेला मी पुन्हा फोन केला आणि पुन्हा तोच प्रश्न आला, कसे वाटते आहे. या वेळी मी पाऊण तास बोललो. पलीकडून उपदेश झाला नाही, ‘सगळे ठीक होईल’ असे आश्वासनही मिळाले नाही, मध्येच माझे वाक्य कोणी पूर्ण केले नाही. अशा वेळी जे हवे असते ते मिळाले.

फोनसेवांचा दुसरा प्रकार थेट संकटासाठी आणि उपचारांशी जोडून देण्यासाठी उभा केलेला असतो. अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी क्रमांक सुरू झाला. त्याआधी तिथला राष्ट्रीय क्रमांक लांबलचक होता आणि संकटात सापडलेल्या माणसाला तो आठवणे कठीण होते. भारताची टेली-मानस ही सेवा त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. तिची रचना दोन स्तरांची आहे: फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो आणि गरज वाटल्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडे किंवा प्रत्यक्ष उपचारांकडे जोडून देतो. भावाच्या त्या रात्री मला हवे होते ते या प्रकारचे दार. ब्रिटनमध्ये मुलांसाठी १९८६ पासून चाइल्डलाइन वेगळी आहे आणि ते योग्यही आहे, कारण नऊ वर्षांच्या मुलाशी बोलण्याची रीत चाळिशीतल्या माणसाशी बोलण्याच्या रीतीहून निराळी असते.

या क्रमांकांची एक तांत्रिक बाजू फारशी कोणी लक्षात घेत नाही. ९८८ ला केलेला मोबाइल फोन सुरुवातीला फोन करणारा कुठे आहे हे पाहून जोडला जात नसे, तर त्याच्या क्रमांकाच्या एरिया कोडवरून, म्हणजे प्रदेश दाखवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांवरून, जोडला जाई. शिकायला किंवा नोकरीला दूर गेलेल्या माणसाचा फोन त्यामुळे त्याच्या जुन्या गावाकडच्या केंद्रात पोहोचे आणि आसपासच्या कोणत्या दवाखान्यात जावे हे तिथल्या माणसाला सांगता येत नसे. सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या काही मोठ्या मोबाइल कंपन्यांनी ठिकाणानुसार जोडणी सुरू केली. आपण ज्या क्रमांकावर विसंबून आहोत तो नेमका कुठे वाजतो, हे शांत वेळी विचारून ठेवण्यासारखे आहे.

संकटसेवेच्या फोनवर एक प्रश्न अगदी सरळ विचारला जातो: आत्महत्येचा विचार मनात येतो आहे का? पहिल्यांदा तो ऐकून मी दचकलो होतो. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरवला जाईल अशी भीती बहुतेक घरांत असते. संशोधनातून मात्र असे वारंवार दिसले आहे की विचारल्याने धोका वाढत नाही, उलट लपवून ठेवण्याचे ओझे उतरल्याने अनेकांना सुटल्यासारखे वाटते. म्हणून हा प्रश्न आडवळणाने न विचारता नीट शब्दांत विचारणारा माणूस फोनवर भेटला, तर त्याचे प्रशिक्षण चांगले झाले आहे असे मी समजतो. ‘तसे काही वेडेवाकडे तर मनात नाही ना?’ असे विचारणाऱ्याला ‘नाही’ हेच उत्तर हवे असते, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळते.

गोपनीयतेविषयीही इथेच लिहिले पाहिजे. आपण खरे बोललो तर दारात पोलीस येतील, या भीतीने कित्येक जण फोन करत नाहीत. बहुतांश संभाषणे फोनवरच संपतात आणि तातडीची मदत पाठवण्याची वेळ थोड्या प्रसंगांतच येते. पण कोणत्या परिस्थितीत गोपनीयता मोडली जाईल याविषयी प्रत्येक सेवेचा नियम सारखा नसतो. चांगली सेवा तो नियम विचारल्याबरोबर स्पष्ट सांगते. एका सेवेने मला “सगळं गुप्तच राहतं, काळजी करू नका” असे मोघम उत्तर दिले. त्यानंतर मी त्या सेवेला फोन केला नाही.

भाचा फोनवर बोलत नाही. त्याच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे त्याला फोनची घंटाच अंगावर येते. शिवाय घरात भिंतींना कान असतात आणि शेजारच्या खोलीत आई असताना कोणता मुलगा मोठ्याने रडेल? त्याला चॅटने आधार दिला. लिहून बोलण्याची सोय ही केवळ तरुणांची हौस आहे असे मलाही आधी वाटे. पण ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांच्या घरातच त्यांना त्रास देणारा माणूस बसलेला आहे, किंवा रडू आवरत नसल्याने ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा सगळ्यांना हे एकच दार उघडे असते. अमेरिकेतली क्रायसिस टेक्स्ट लाइन ही सेवा २०१३ पासून केवळ संदेशांवर चालते आहे. याच सेवेच्या बाबतीत २०२२ च्या सुरुवातीला मोठा वाद झाला. नावे वगळलेल्या संभाषणांतून मिळालेली माहिती ती आपल्याशी संबंधित एका व्यावसायिक कंपनीला देत होती. टीका झाल्यावर तिने तो व्यवहार थांबवला. फोनवर बोललेले बहुधा हवेत विरते, लिहिलेले मात्र कुठेतरी साठते. भाच्याच्या चॅटमध्ये माझी तक्रार वेगळीच होती: दोन उत्तरांमध्ये कधी कधी इतका वेळ जाई की तो हिरमुसून पडदा बंद करी. पलीकडच्या माणसाने “मी वाचतो आहे, थोडा वेळ द्या” एवढे लिहिले असते तरी पुरले असते.

आता गरजांच्या वेगळेपणाकडे येतो, आणि त्यात सर्वांत आधी भाषा. झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये ‘फ्रेंडशिप बेंच’ हा उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षण घेतलेल्या आजीबाई लोकांशी बोलत बसतात. तिथे त्या ‘डिप्रेशन’ हा शब्द पुढे करत नाहीत, लोकांच्या तोंडी असलेला ‘कुफुंगिसिसा’ हा शोना शब्द वापरतात. त्याचा अर्थ अतिविचार, डोक्यात सतत काहीतरी घोळत राहणे. ५७३ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकावर बसलेल्यांची लक्षणे नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा सहा महिन्यांनी लक्षणीय कमी आढळली.

मराठीत आपण काय म्हणतो ते पाहा. जीव घाबरा होतो, मन कशात लागत नाही, उबग आला आहे, आतून पोखरल्यासारखे वाटते. यांतले प्रत्येक वाक्य वेगळ्या अवस्थेकडे बोट दाखवते आणि दुसऱ्या भाषेत सांगायला गेले की सगळ्यांचा मिळून एकच ‘ताण’ होतो. “आता नको नको झालंय” हे वाक्य तर फारच अवघड आहे. ते कंटाळलेली गृहिणीही म्हणते आणि जगणे संपवण्याच्या विचारापाशी आलेला माणूसही म्हणतो. ऐकणाऱ्याला भाषा घरची असेल तरच तो तिथे थांबून विचारतो, “नको म्हणजे नेमकं काय नको?” परक्या भाषेत माझी धाकटी वहिनी समुपदेशकाशी बोलली तेव्हा ती व्याकरणाच्या चुका टाळण्यातच दमली. तीच बाई मराठीतून बोलणारा माणूस मिळाल्यावर दहा मिनिटांत मूळ दुखण्यापाशी आली. तेव्हा सेवा निवडताना भाषा ही सोय म्हणून शेवटी पाहू नये, ती पहिली अट धरावी.

वहिनीचे दुखणे बाळंतपणानंतरचे होते. पहिल्या दोन आठवड्यांतले रडू-हसू बहुतेकींना येते आणि आपोआप ओसरते. त्यापुढे टिकणारी उदासी मात्र आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. त्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली आजही वापरली जाते. गेल्या सात दिवसांविषयी तिच्यात दहा प्रश्न आहेत आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. आमच्या बाबतीत ती कोणी पुढे केली नाही. तपासणीला गेलेल्या प्रत्येक वेळी बाळाचे वजन पाहिले गेले आणि आईला कोणी काही विचारले नाही. याहून वेगळी आणि धोक्याची अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार, जो हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना होतो: झोपेची गरजच न वाटणे, भास, बाळाविषयी विचित्र समजुती, क्षणात बदलणारे वागणे. तिथे समुपदेशन किंवा आधारगट यांत एक दिवसही घालवू नये, तडक रुग्णालय गाठावे.

इतर गरजांविषयी मला ऐकीव-वाचीव माहितीच अधिक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दारूच्या व्यसनासाठी १९३५ पासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा परस्परगट आहे. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन १९५१ पासून आहे आणि त्याचा पत्ता मात्र घरच्यांनाच ठाऊक नसतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज ज्यांना ऐकू येतात अशांचे परस्परगट नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास सुरू झाले आणि अनेक देशांत पसरले. औषधांच्या जोडीला, आपल्यासारखाच अनुभव असलेल्या माणसांत बसण्याचा त्यांचा उपयोग होतो असे जाणाऱ्यांकडून ऐकले आहे. समलिंगी आणि पारलिंगी तरुणांसाठी अमेरिकेत १९९८ पासून ट्रेव्हर प्रोजेक्ट काम करतो. ९८८ लावल्यावर ३ दाबले की त्यांच्यासाठीची वेगळी सेवाही मिळे, ती १७ जुलै २०२५ रोजी बंद करण्यात आली. वेगळ्या गरजेसाठी उघडलेले दार सरकारी निर्णयाने मिटूही शकते, म्हणून एकाच क्रमांकावर भिस्त ठेवू नये.

प्रत्यक्ष उपचारांत नावांचा घोळ सर्वांत त्रासदायक आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतो. समुपदेशक या नावाखाली मात्र दोन-तीन वर्षांचे शिक्षण घेतलेला माणूसही येतो आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलाही येतो. शिक्षण, नोंदणी आणि स्वतःच्या कामावर वरिष्ठांची देखरेख आहे का, हे तीन प्रश्न पहिल्या फोनवरच विचारावेत. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या पहिल्या समुपदेशकाला आला.

एका मनोविकारतज्ज्ञांनी मला नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला. पीएचक्यू-९ या नावाने तो ओळखला जातो, मागच्या दोन आठवड्यांविषयी असतो आणि त्यात ० ते २७ गुण पडतात. कागद उपयुक्त आहे, पण त्यावरचे आकडे पाहून माझ्याकडे न पाहताच औषध लिहिले गेले, आणि नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला सहसा काही आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र आधी जाणवतात, हे सांगायचे राहून गेले. परिणामी पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, सुधारणा काहीच नाही, आणि मी गोळ्या सोडल्या. पुढच्या डॉक्टरांनी हीच माहिती दोन मिनिटांत दिली आणि त्याच प्रकारचे औषध मी वर्षभर नियमित घेतले.

सर्वांत मोठी उणीव मात्र कोणा एका सेवेत नाही, ती दोन सेवांच्या मधल्या जागेत आहे. संकटाच्या रात्री फोन उचलणारे कोणीतरी असते आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांची वेळ मिळालेली असते. मधले वीस दिवस कोणाचेच नसतात. या रिकाम्या जागेसाठी मला सापडलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एक कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली सुरक्षा योजना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत: माझी अवस्था बिघडू लागली आहे हे मला कशावरून कळते, अशा वेळी मी एकटा काय करू शकतो, कोणत्या माणसांत किंवा ठिकाणी गेल्याने मन दुसरीकडे वळते, कोणाला मदत मागता येईल, कोणत्या तज्ज्ञाला किंवा सेवेला फोन करायचा, आणि इजेची साधने दूर कशी ठेवायची. रुग्णालयाच्या आणीबाणी विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णांशी मिळून ही योजना लिहून काढली आणि पुढे फोनवरून त्यांची विचारपूस करत राहिले, तर सहा महिन्यांत आत्महत्येशी निगडित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६४० माजी सैनिकांवरच्या अभ्यासात दिसले.

भावाची योजना आम्ही त्याची प्रकृती ठीक असताना लिहिली. पहिल्या पायरीला त्याने स्वतः लिहिलेले वाक्य होते: “मी रात्री दोन वाजता लोकांना फोन करू लागलो, तर समजा.” हे डॉक्टरांच्या कोणत्याही फाइलमध्ये नव्हते. योजना दुसऱ्याने लिहून हातात दिली तर तिचा उपयोग नाही, हा आमचा अनुभव आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘ध्यानधारणा’ होते, त्याने ते खोडून ‘स्कूटर धुणे’ लिहिले.

ॲपविषयी माझे मत फारसे चांगले नाही. श्वासाचे व्यायाम, झोपेची नोंद, मनःस्थितीची रोजनिशी इतपत कामाला ती बरी आहेत. पण ॲपचा भरवसा किती दिवसांचा? संवाद साधणारे वोबॉट हे बरेच नावाजलेले ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली, कारण लोकांनी भरलेली खाजगी माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांपर्यंत गेली होती. त्यापोटी कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेला आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट मागे घ्यावा लागला, कारण ज्यांना वजनाच्या ध्यासानेच आजारी पाडले होते अशांना तो वजन घटवण्याच्या सूचना देत होता. यंत्राशी बोलून माणसाला बरे वाटते ही गोष्ट मात्र नवी नाही. जोसेफ वायझेनबाऊम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा साधा संभाषणाचा प्रोग्राम तयार केला, तेव्हा तो कसा चालतो हे ठाऊक असलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही त्याच्याशी बोलताना वायझेनबाऊम यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. बरे वाटणे आणि सुरक्षित असणे यांतला फरक यंत्राला कळत नाही, म्हणून संकटाच्या वेळी ॲपवर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाइकांच्या गटाविषयी माझी अपेक्षा शून्य होती. बायका-पुरुष गोल करून बसतील आणि एकमेकांची दुःखे ऐकून आणखी दुःखी होतील, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तिथे अतिशय व्यावहारिक बोलणे चालते: औषध घ्यायला नकार देणाऱ्याशी वाद कसा टाळायचा, रुग्णालयातून सुटी होताना कोणते कागद मागून घ्यायचे, पैशांचे व्यवहार आजाराच्या काळात कोणाच्या हाती ठेवायचे. एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितले, “मुलाच्या भ्रमाशी भांडू नका, त्याच्या भीतीशी बोला.” मी भेटलेल्या कोणत्याही तज्ज्ञाने इतके नेमके सांगितले नव्हते. गटाचा दोष एवढाच की तो पंधरवड्यातून एकदा भरतो आणि एखादा बोलका माणूस आला की दोन तासांतला एक तास त्याचाच होतो.

शेवटी क्रमांकांच्या याद्यांविषयी. मदतीच्या क्रमांकांच्या ज्या याद्या फिरत असतात त्यांतले बरेच क्रमांक जुने असतात. मी एकदा बसून अशी एक यादी तपासली तेव्हा काही क्रमांक अस्तित्वातच नव्हते, काहींवर कार्यालयीन वेळेची ध्वनिफीत लागली, आणि एक तर एका त्रासलेल्या खाजगी गृहस्थांचा निघाला, ज्यांना असे फोन नेहमी येत. तेव्हापासून मी दर तीन-चार महिन्यांनी घरच्या यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर दिवसा, गर्दी नसेल अशा वेळी, एक छोटा फोन करतो आणि कारण सांगून दोन-तीन प्रश्न विचारतो. आजवर कोणी रागावले नाही. मागच्या खेपेला एका सेवेला विचारले की रात्री आमच्या भाषेत बोलणारे कोणी असते का. पलीकडच्या मुलीने क्षणभर थांबून सांगितले, “दहापर्यंत नक्की असतं, त्यानंतरचं मी खात्रीने सांगू शकत नाही.” यादीत त्या क्रमांकापुढे मी ‘रात्री दहापर्यंत’ असे लिहिले आणि त्याच्या खाली दुसरा क्रमांक जोडला.